वॉरिंग्टन पितापुत्र आणि माशांची टाकी

टाकीतल्या फिल्टरची गोष्ट फिल्टर येण्याच्या खूप आधी सुरू होते. १८४९ मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं एका टाकीत दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी ठेवल्या. पाणी न बदलता मासे जगले. श्रेय त्यानं वनस्पतीच्या ऑक्सिजनला दिलं. पण मासे सतत अमोनिया सोडतात, तो त्यांनाच मारतो. त्याचं काय होत होतं?

गंमत बघा, उत्तराजवळ पोचला त्याचाच मुलगा, नावही रॉबर्टच! तेही टाकीतून नव्हे, रोथॅमस्टेडच्या शेतातल्या मातीतून. अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट, आणि ही कामं दोन वेगळ्या जीवांची, हे त्यानं दाखवलं. ते जीव वेगळे काढणं मात्र त्याला जमलं नाही. ते १८९० मध्ये विनोग्राडस्कीनं केलं. गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइट संपवतो तो नायट्रोस्पायरा, हे कळायला तर १९९८ उजाडलं.

म्हणून फिल्टर घेताना मोटारीच्या आधी स्पंज बघा, जंतूंना चिकटायला जागा किती आहे ते. आणि तो नळाखाली धुऊ नका, क्लोरीननं जंतू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. माझ्या पहिल्या टाकीतले मासे मी स्वच्छतेपायीच घालवले.