राखेत सापडलेला कोबाल्ट

आत्ती गेली, त्याच्या तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला दादा आणि भावकीतले लोक गेले होते. परत आल्यावर दादानं ओल्या पंचात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यासमोर ठेवलं. वीतभर लांबीचा धातूचा तुकडा. एका टोकाला निमुळता दांडा, दुसऱ्या टोकाला दोन गुळगुळीत उंचवटे. आगीनं रंग काळपट निळा झालेला, पण आकार जसाच्या तसा. "राखेत एवढंच शाबूत होतं," दादा म्हणाला.

वहिनी दारातनंच म्हणाली, "वन्सं, ते कोबाल्टचं न्हवं? घरात नका ठेवू. माझ्या मावशीला कोबाल्टचंच लाईट देत होते, कातडं काळं पडलेलं. ह्यातनं काही येत असलं तर?"

तिचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आत्तीच्या जुन्या कागदावर 'कोबाल्ट-क्रोम' असाच शब्द होता. ती सव्वीस वर्षांची असताना तिचा गुडघा सुजला. हाडवैद्याचे लेप झाले, शेक झाले. शेवटी इथल्या एका डॉक्टरांनी मांडीतून पाय काढायला सांगितलं. आजोबांनी मळ्याचा एक तुकडा विकला आणि तिला मुंबईला नेलं. तिथं रोगट हाड कापून त्या जागी धातूचा सांधा बसवला. त्या पायावर आत्तीनं पुढं पंचवीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. कुंभोजच्या बाहुबलीचा डोंगर ती एक पाय आधी, मग दुसरा, अशी पायरी पायरीनं चढायची.

एकाच नावाचा धातू एका बाईचा पाय होतो आणि दुसऱ्या बाईच्या अंगावर किरण सोडतो, हे कसं? वहिनीला उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला बसले. वाचता वाचता कळलं, की या धातूच्या मागं पुष्कळ माणसांचं आणि मुक्या जीवांचं देणं आहे.

कोबाल्ट हे नावच मुळी भुताचं. जर्मनीतल्या खाणकामगारांना चांदीसारखं दिसणारं एक खनिज सापडायचं. भट्टीत घातलं की चांदी तर मिळायची नाही, उलट विषारी धूर निघायचा. तो धूर खनिजातल्या सोमलाचा होता. कामगारांनी मात्र दोष दिला 'कोबोल्ड' नावाच्या खाणीतल्या भुताला. १७३० च्या दशकात गेऑर्ग ब्रांट या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की या खनिजात एक वेगळाच धातू आहे. काचेला गडद निळा रंग येतो तो त्याच्यामुळंच. भुताचं नाव धातूला कायमचं चिकटलं.

या धातूचा हाडांशी संबंध यायला दोनशे वर्षं जावी लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एलवुड हेन्स या अमेरिकन माणसानं कोबाल्ट आणि क्रोमियम यांचा मिश्रधातू केला. तो गंजत नाही, झिजत नाही, तापला तरी मऊ पडत नाही. पुढं १९३० च्या दशकात त्याच जातीचा 'व्हायटॅलियम' हा मिश्रधातू दातांच्या कवळ्यांसाठी वापरात आला.

हाडात धातू घालण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. पट्ट्या, खिळे, तारा असं बरंच काही. पण काही दिवसांत आजूबाजूचं हाड सडायचं, खिळे सैल व्हायचे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचे डॉक्टर चार्ल्स व्हेनेबल आणि वॉल्टर स्टक यांना शंका आली, की शरीरातल्या खारट द्रवात दोन निराळे धातू आले की बॅटरीसारखा सूक्ष्म प्रवाह वाहत असणार, आणि त्यानंच हाड खराब होत असणार. त्यांनी कुत्र्यांच्या हाडांत वेगवेगळ्या धातूंचे खिळे घालून पाहिले. बाकीच्या धातूंभोवती हाड खराब झालं, व्हायटॅलियमभोवती ते निरोगी राहिलं. १९३७ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष छापले.

इथं माझं वाचन थांबलं. आमच्या घरात दिवेलागणीनंतर जेवण नाही, पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. आणि आमच्या आत्तीचा पाय उभा होता तो कुणा मुक्या जनावरांच्या दुखण्यावर. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिनं ऑपरेशन नको म्हटलं असतं का? नसतंच म्हटलं, आणि मीही तिला म्हणू दिलं नसतं. पण माहीत नसणं आणि माहीत असून घेणं यात फरक आहे.

या धातूनं हाडाच्या रोगात एक मोठं काम केलं १९४० मध्ये. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात, कोलंबिया इथल्या रुग्णालयात एक रुग्ण आला. धिप्पाड माणूस. मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात त्याला जायंट सेल ट्यूमर झाला होता, आणि एकदा काढूनही तो परत आला होता. आत्तीला झालेली गाठही हीच. ती बहुतेक वेळा पूर्णार्थानं कॅन्सर नसते, पण हाड आतनं पोखरते आणि काढली तरी परत येते. ऑस्टिन मूर आणि हॅरोल्ड बोलमन या दोन डॉक्टरांनी त्याचा पाय न कापता हाडाचा खराब भाग काढला आणि जवळजवळ फूटभर लांबीचा व्हायटॅलियमचा सांधा बसवून तो उरलेल्या हाडाला बोल्टनं जोडला. आज खुब्याचे सांधे बदलणं नेहमीचं झालंय. त्याच्या सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी ही एक, आणि ती हाडातल्या एका गाठीसाठी चढली गेली.

आता वहिनीच्या भीतीकडे वळते. किरणं आणि हाडाचा कॅन्सर यांची गाठ नुसती उपचारात नव्हे, कारखान्यातही पडली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, ऑरेंज या गावी, घड्याळांच्या तबकडीवर अंधारात चमकणारे आकडे रंगवायचा कारखाना होता. रंगात रेडियम असे. काम नाजूक, म्हणून बहुतेक कामगार तरुण मुली. आकडा बारीक यावा म्हणून कुंचल्याचं टोक ओठांत धरून टोकदार करायचं, असं त्यांना शिकवलेलं. दर वेळी थोडा रंग पोटात जायचा. रेडियमचा स्वभाव कॅल्शियमसारखा, त्यामुळे शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. सोळाशे वर्षांत त्याची तीव्रता निम्मी होते, म्हणजे माणसाच्या आयुष्यात ते विझत नाहीच. मुलींचे दात पडू लागले, जबडे सडू लागले, कुणाचा कणा खचला. पुढं कित्येकींच्या हाडांत सारकोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर, निघाला. १९२५ मध्ये तिथल्या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यानं, हॅरिसन मार्टलँडनं, दोष रेडियमचा आहे हे दाखवून दिलं. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार मैत्रिणी कोर्टात गेल्या. १९२८ मध्ये तडजोड झाली: प्रत्येकीला दहा हजार डॉलर, वर्षाला सहाशे डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च. तोवर त्यातल्या काहींना धड चालताही येत नव्हतं.

रेडियम शरीरात किती असलं तर चालेल, याची पहिली मर्यादा अमेरिकेत १९४१ मध्ये ठरली ती या मुलींच्या हाडांवरून. अणुबॉम्बच्या कामात प्लुटोनियम हाताळणाऱ्यांची काळजी घेतली गेली तीही त्यांच्याकडे पाहून. पुढं अनेक दशकं शास्त्रज्ञांनी शरीरात रेडियम गेलेल्या माणसांचा माग काढला. मोजमाप झालेल्या २,३८३ जणांत ६४ जणांना हाडाचा सारकोमा झाला होता, आणि ते सगळेच्या सगळे मोठी मात्रा गेलेल्यांपैकी होते. आज किरणोत्साराच्या खात्यात काम करणारी कुठलीही परिचारिका छातीवर बिल्ला लावते, तिच्या सुरक्षिततेत या मुलींचा वाटा आहे.

कोबाल्ट यात आला तो कॅनडातून. निसर्गातलं कोबाल्ट शांत असतं, त्यातनं काहीच निघत नाही. पण अणुभट्टीत ठेवलं, की त्याचा अणू एक न्यूट्रॉन गिळतो आणि कोबाल्ट-६० होतो. मग तो जोरदार गॅमा किरण सोडू लागतो. चॉक रिव्हर इथल्या एनआरएक्स या अणुभट्टीत असं कोबाल्ट तयार झालं आणि १९५१ मध्ये कॅनडातल्याच दोन शहरांत पोचलं. २७ ऑक्टोबरला लंडन (हे ऑन्टारिओ प्रांतातलं लंडन) इथं पहिला उपचार झाला. ८ नोव्हेंबरला सॅस्कटूनमध्ये गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालेल्या त्रेचाळीस वर्षांच्या एका बाईवर उपचार झाला. ती पुढं म्हातारी होईपर्यंत जगली. सॅस्कटूनच्या यंत्रामागं हॅरोल्ड जॉन्स हे भौतिकशास्त्रज्ञ होते, आणि किती खोलीवर किती मात्रा पोचते याची मोजमापं करणाऱ्यांत त्यांची विद्यार्थिनी सिल्व्हिया फेडोरुक होती.

त्याआधीच्या एक्स-रे यंत्रांनी कातडीच जास्त भाजायची. कोबाल्टच्या किरणांचा सर्वांत जास्त मारा कातडीच्या अर्धा सेंटिमीटर आत होतो, म्हणून खोलवरच्या गाठीपर्यंत पोचता येतं. तरीही कातडी पूर्ण सुटत नाही. वहिनीच्या मावशीचं कातडं काळं पडलं ते त्यामुळं.

आपल्या देशातही हे यंत्र १९५० च्या दशकातच आलं, मद्रासच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये. ती संस्था डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी उभी केली. त्यांची धाकटी बहीण कॅन्सरनं गेली होती. तुर्भ्याची सायरस अणुभट्टी कॅनडाच्या मदतीनं, चॉक रिव्हरच्या त्याच भट्टीच्या धर्तीवर, १९६० मध्ये सुरू झाली. पुढं भाभा अणुसंशोधन केंद्रानं 'भाभाट्रॉन' हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र केलं. या यंत्रांचा एक स्वभाव लक्षात ठेवावा लागतो: सव्वापाच वर्षांत कोबाल्ट-६० ची ताकद निम्मी होते. मग तेवढीच मात्रा द्यायला रुग्णाला दुप्पट वेळ टेबलावर पडून राहावं लागतं.

मग हाडाचा कॅन्सर या किरणांनी बरा झाला का? सगळा नाही. हाडाच्या कॅन्सरचा एक प्रकार, ज्याला जेम्स ईविंगचं नाव आहे, तो किरणांना दाद देतो. पण पोरवयात गुडघ्याजवळ होणारा ऑस्टिओसारकोमा किरणांना फारसा जुमानत नाही. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये स्टॅनफर्ड केड हे डॉक्टर आधी किरणं देत आणि काही महिने थांबत. तेवढ्यात रोग फुप्फुसात गेला तर पाय कापत नसत. जे मूल जाणारच आहे त्याला निदान दोन्ही पायांवर जाऊ द्यावं, एवढाच त्यामागचा हेतू. शास्त्राची ही हतबलता वाचून मला गलबलून आलं.

चित्र बदललं १९७० च्या दशकात, औषधांनी. त्यातही एक योगायोग आहे. न्यूयॉर्कमध्ये मुलांचा पाय वाचवायचा तर मापाचा धातूचा सांधा घडवून घ्यावा लागे आणि त्याला दोन-तीन महिने लागत. तोवर हातावर हात ठेवून कसं बसायचं, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच औषधं सुरू केली. त्यातनं कळलं, की आधी औषध दिल्यानं गाठ किती मेली हे काढलेल्या हाडातच पाहता येतं. आज जगभर हाच क्रम आहे. धातूची वाट पाहण्यातून उपचार सापडला.

आणि किरणं परत आली तीही निराळ्याच वाटेनं. रोगट हाड कापून बाहेर काढायचं, गाठ खरवडायची, त्या हाडाला एकदाच प्रचंड मात्रा द्यायची आणि तेच हाड परत बसवून पट्ट्यांनी जोडायचं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही ही पद्धत वापरली गेली आहे. हाड रुग्णाचंच, शिवाय धातूच्या मोठ्या सांध्याचा खर्च वाचतो. मळा विकावा न लागणं, हीही एक प्रगतीच.

आत्तीला किरणं दिली नव्हती. का, ते आता समजलं. जायंट सेल ट्यूमरवर किरणं दिलेल्या काही रुग्णांत वर्षांनी त्याच जागी खरा कॅन्सर उद्भवल्याचं डॉक्टरांनी पाहिलं होतं. म्हणजे तिला काय द्यायचं नाही, हेसुद्धा कुणीतरी सोसलं म्हणून माहीत झालं होतं.

अनेकांतवाद आम्ही लहानपणी पाठशाळेत हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीतून शिकलो. कोबाल्टचा हत्तीही तसाच. खाणकामगाराला तो भूत, काच करणाऱ्याला निळाई, डॉक्टरला किरण, आत्तीला पाय. हल्ली त्यात अजून एक बाजू आलीय. जगातलं बहुतेक कोबाल्ट आता आफ्रिकेतल्या काँगोतून येतं, आणि तिथल्या काही खाणींत मुलंही राबतात. मोबाईलच्या बॅटरीतही तेच असतं. एक बाजू खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

वहिनीला मी सांगितलं, "हा तुकडा कधी भट्टीत गेला नाही. ह्यातनं काही येत नाही. तुमच्या मावशीला दिलेलं कोबाल्ट अणुभट्टीतनं आलेलं." तिनं तो हातात घेतला, उलटा सुलटा करून पाहिला. म्हणाली, "जड आहे की वो. एवढं घेऊन चालायच्या त्या?"

दादा म्हणतोय नदीत सोडूया. मी अजून सोडलेला नाही. यंदा पर्युषण संपल्यावर, क्षमावणीच्या दिवशी, सगळ्या जीवांची क्षमा मागताना माझ्या मनात पहिल्यांदा नेमकं कोण होतं ते सांगते: सॅन अँटोनियोची कुत्री आणि ऑरेंज गावच्या, ओठांत कुंचला धरलेल्या पोरी.