काठी परिसर : वनसंवर्धन

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील सातपुड्याचा डोंगराळ भाग. काठी हे भिल्ल आदिवासींचे जुने संस्थान. येथील राजवाडी होळीचा दांडा म्हणजे जंगलातून आणलेला उंच बांबू. साग, मोह, चारोळी, तेंदू यांचे शुष्क पानझडी वन हा इथल्या जीवनाचा आधार आहे. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळतात. आग पसरली की नवी रोपे होरपळतात, म्हणून पाचोळा झाडून काढणे केव्हाही चांगले.

सातपुड्याचे मोठे वैभव म्हणजे रानपिंगळा हे छोटे घुबड. १८७३ मध्ये पक्षितज्ज्ञ ह्यूमने त्याची नोंद केली. १८८४ नंतर तो दिसेनासा झाला आणि नामशेष मानला गेला. नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन व सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ पुन्हा आढळला. हे घुबड दिवसाही उघड्या फांदीवर बसून सरडे व उंदीर टिपते, घरटे मात्र झाडाच्या ढोलीत करते. वृक्षतोड आणि वनजमिनीवरील शेती यांमुळे त्याचा अधिवास आक्रसतो आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभांना दिला आहे. जुनी, ढोलीची झाडे राखणे हे या व्यवस्थापनातले पहिले काम ठरावे.