पाटी प्रश्न विचारू लागली तेव्हा

निसर्गवाटेवरची पाटी हल्ली हातात खेळते. झाकण उचललं की खाली उत्तर, चकती फिरवली की पक्ष्याची चोच बदलते, मोबाइल धरला की शीळ ऐकू येते. हे नव्या तंत्राचं लेणं वाटतं, पण तिचा मूळपुरुष शंभर वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याच्याकडे साधं बटणही नव्हतं.

फ्रँक लुट्झ हा न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीतला कीटकशास्त्रज्ञ. स्वतःच्या घराच्या आवारात त्याने १,४०२ जातींचे कीटक गोळा केले. माणूस कसा असेल ते यावरून ओळखावं. १९२५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या टक्सिडोजवळच्या रानात त्याने दोन पायवाटा आखल्या. पहिलीवरच्या पाट्या सोबत चालणाऱ्या जाणत्या मित्रासारख्या बोलायच्या. दुसरीवर नुसते प्रश्न. आधी शिका, मग पुढच्या वाटेवर स्वतःला तपासा, आणि मध्ये वाटाड्या नको. माझ्या मते पाटी खरी बोलती झाली ती त्या दुसऱ्या वाटेवर.

आपल्याकडे माहीमला कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान १९९४ साली खुलं झालं. त्याच वर्षी जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला क्यूआर कोड जन्मला. आज तोही झाडाखालच्या पाटीवर येऊन बसलाय. तरी बहुतेक पाट्या नाव, शास्त्रीय नाव आणि ‘तोडू नका’ यापुढे सरकत नाहीत.

पालघर जिल्ह्यातल्या माकुणसारच्या खाडीकाठी अशी प्रश्नांची वाट आखायची, तर पहिली पाटी तिवराखाली हवी: ‘पान चाटून बघा. खारट का लागलं?’ तिवर बरंचसं मीठ मुळांशीच अडवतो, उरलेलं पानांतल्या ग्रंथींतून बाहेर टाकतो. उन्हात त्याचे कण चमकतातही. दुसरी पाटी चिखलातून वर आलेल्या खुंटांपाशी: ‘मुळं खाली जायची सोडून वर का आली?’ चिखलात हवा जवळपास नसते, म्हणून ती वर येऊन श्वास घेतात.

लुट्झच्या रानाला नसलेली अडचण इथे आहे. पाटीसमोरचा चिखल दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. म्हणून एकाच खांबावर दोन प्रश्न लागतील. ओहोटीचा: ही बिळं कोणाची? भरतीचा: आता चिखलातले निवटे मासे कुठे गेले? काही बिळात, काही मुळांवर चढून बसलेले. ते शोधायला मोबाइल खिशात ठेवावा लागेल.