मात्रा लागू पडेना

सहा वर्षांपूर्वी आईचा गुडघा बदलला. ऑपरेशन उत्तम झालं असं सर्जन म्हणाले आणि ते खरंच होतं. पण कमरेत दिलेली भूल उतरली आणि त्या रात्री आई क्षणभरही झोपली नाही. सलाइनमधून वेदनाशामक दोनदा देऊन झालं होतं. फाइलवर त्याचं नाव होतं ट्रमाडॉल. शेजारच्या खाटेवर आईच्याच वयाच्या एक बाई होत्या. त्यांचंही तेच ऑपरेशन त्याच दिवशी झालं होतं आणि त्याच औषधावर त्या शांत घोरत होत्या. आईचं दुखणं मात्र तसूभर कमी झालं नाही. उलट मळमळ, दरदरून घाम आणि हातांची थरथर सुरू झाली. पहाटे ड्यूटीवरची सिस्टर म्हणाली, “आजी, एवढं दुखत नाही हो. मनाला लावून घेऊ नका.” मीही म्हणालो, “आई, थोडं सोस ना.”

आई काही बोलली नाही. तीन बाळंतपणं घरातल्या घरात काढलेली ही बाई. सोसणं म्हणजे काय हे तिला शिकवणारा मी कोण? ते वाक्य पुढे मला छळत राहिलं. एकाला लागू पडणारी मात्रा दुसऱ्याला का लागू पडत नाही, हा प्रश्न वैद्यकाला कधी पडला आणि त्याचं उत्तर कसं मिळालं, हे मी शोधू लागलो. ती गोष्ट दोनशे वर्षांची निघाली.

*

तिची सुरुवात अफूपासून होते. दुखणं थांबवणारं अफूइतकं जुनं आणि खात्रीचं औषध माणसाला दुसरं सापडलेलं नव्हतं. पण खात्री फक्त गुणाची होती, मात्रेची नव्हती. बोंडाला चिरा देऊन काढलेला चीक कुठल्या शेतातला, कुठल्या हंगामातला, त्यात भेसळ किती, यावर त्याचा जोर ठरायचा. कालच्या गोळीने आराम पडलेला रोगी आजच्या तेवढ्याच गोळीने गुंगीत जायचा. वैद्य आणि डॉक्टर दोष देत ते अफूच्या कमीजास्त प्रतीला. ते चूकही नव्हते.

जर्मनीतल्या पाडरबोर्न गावी औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या फ्रीडरिख झेर्ट्युर्नर या विशीतल्या तरुणाला हाच प्रश्न सोडवायचा होता. १८०४-०५च्या सुमारास त्याने अफूतून तिचं सत्त्व वेगळं काढलं. ग्रीक पुराणातल्या स्वप्नांच्या देवाच्या, मॉर्फियसच्या नावावरून त्याने त्याला नाव दिलं. आपण ते मॉर्फिन म्हणून ओळखतो. आधी कुत्र्यांवर प्रयोग झाले. मग त्याने स्वतः आणि तीन तरुण मुलांनी अर्धा-अर्धा ग्रेन, म्हणजे सुमारे तीस मिलिग्रॅम मॉर्फिन, थोड्या थोड्या वेळाने तीनदा घेतलं. चौघेही इतके गळून गेले की अखेर सगळ्यांना व्हिनेगर पाजून उलट्या करवाव्या लागल्या. १८१७ मध्ये त्याने हे सगळं प्रसिद्ध केलं. दहा वर्षांनी डार्मश्टाटच्या मेर्क घराण्याने मॉर्फिनचं व्यापारी उत्पादन सुरू केलं आणि १८५३ मध्ये एडिनबरोच्या अलेक्झांडर वुड यांनी ते सुईने टोचायला सुरुवात केली. आता औषध काट्यावर तोलता येत होतं. या शहरात घ्या की त्या, एक ग्रेन म्हणजे एक ग्रेन.

अफूची प्रत हा बहाणा संपला. तरीही काही रोगी तेवढ्याच मॉर्फिनने गाढ झोपत, काहींना नुसती मळमळ होई, कुणी खाजवून खाजवून हैराण होई, तर कुणी शांत व्हायच्या ऐवजी भ्रमात बरळू लागे. औषध एकसारखं झालं होतं, पण ते घेणारी माणसं वेगवेगळीच होती. या वेगळेपणाला वैद्यकाने एक सोयीचं नाव दिलं: प्रकृतिवैचित्र्य. म्हणजे कारण माहीत नाही, पण दोष रोग्याकडे आहे. ऑपरेशननंतर कण्हणाऱ्या माणसाला हळवा, नाटकी किंवा व्यसनी ठरवणं त्यामुळे सोपं झालं.

आपल्याकडे ही अफू परकी नव्हती. माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. त्या व्यापारात गब्बर झालेल्यांपैकी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून भायखळ्याचं रुग्णालय उभं राहिलं. १८४५ मध्ये ते आणि ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हा दुखणं थांबवायला तिथल्या डॉक्टरांच्या हाताशी अफू आणि तिचंच सत्त्व होतं. पुढे गिरण्या आल्या. कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्या पोराला अफूची ‘बाळागोळी’ चाटवून जात, याची नोंद ब्रिटिश काळातल्या कामगारांविषयीच्या पाहण्यांत आहे. चाळीत गोळी एकच असे, आणि ती पचवणारी पोरं मात्र निरनिराळ्या अंगाची.

*

मॉर्फिनच्या भीतीतून कोडीनची लोकप्रियता वाढली. पिएर-जाँ रोबिके या फ्रेंच रसायनज्ञाने १८३२ मध्ये अफूतूनच ते वेगळं काढलं होतं. मॉर्फिनपेक्षा सौम्य, पोटातून घेता येणारं आणि खोकल्यालाही चालणारं असं हे औषध. मुलांना, म्हाताऱ्यांना, घरी सोडलेल्या रोग्यांना निर्धास्तपणे द्यावं, अशी त्याची ख्याती झाली आणि ती दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकली. कोडीन सौम्य का आहे, हे मात्र फार उशिरा कळलं. ते स्वतः फारसं काही करतच नाही. पोटात गेलेल्या कोडीनचा एक छोटा वाटा, साधारण पाच ते दहा टक्के, यकृतात मॉर्फिनमध्ये बदलतो आणि दुखणं थांबवतो तो मुख्यतः हा वाटा. कोडीन देणं म्हणजे रोग्याच्या हाती धनादेश देणं. तो वटवायचं काम त्याच्या यकृताचं. मग ज्याचं यकृत तो वटवतच नाही त्याचं काय? आणि ज्याचं यकृत दामदुप्पट रक्कम काढतं त्याचं?

हा प्रश्न विचारण्यासाठी जी दृष्टी लागते ती आर्चिबाल्ड गॅरड या इंग्रज डॉक्टरने दिली. काही मुलांची लघवी हवेत ठेवली की काळी पडते, या दुर्मीळ विकाराचा अभ्यास करताना १९०२ मध्ये त्याने मांडलं की माणसांचे चेहरे जसे वेगळे तशी त्यांच्या शरीरातली रसायनंही वेगळी असतात, आणि हे वेगळेपण घराण्यातून येतं. त्याकडे लक्ष जायला अर्धं शतक लागलं. १९५७ मध्ये अमेरिकेत आर्नो मोटुल्स्की यांनी औषधांच्या विपरीत परिणामांचा आनुवंशिकतेशी संबंध जोडून दाखवला आणि १९५९ मध्ये जर्मनीच्या फ्रीडरिख फोगल यांनी या शास्त्राला नाव दिलं: फार्माकोजेनेटिक्स. मराठीत औषध-आनुवंशिकी म्हणू.

वेदनाशामकांच्या बाबतीतला उलगडा मात्र एका भलत्याच औषधामुळे झाला. १९७५ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये रॉबर्ट स्मिथ आणि त्यांचे सहकारी डेब्रिसोक्विन या रक्तदाबाच्या गोळीचं शरीरात काय होतं ते पाहत होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी गोळी स्वतःच घेतली. बाकीच्यांना विशेष काही झालं नाही. स्मिथ यांचा रक्तदाब मात्र इतका कोसळला की त्यांना उभं राहता येईना. त्यांच्या लघवीची तपासणी केली तेव्हा गोळीचं औषध जवळजवळ जसंच्या तसं बाहेर पडलेलं दिसलं. इतरांच्या शरीराने ज्या औषधाची विल्हेवाट लावली होती, ते स्मिथ यांच्या शरीराला हाताळताच येत नव्हतं. एरवी असा माणूस आकडेवारीतून वगळला जातो. इथे तो माणूस स्वतः संशोधक होता, म्हणून वगळला गेला नाही. त्याच सुमारास बॉनमध्ये मिशेल आयशेलबाउम यांना स्पार्टीन या दुसऱ्या एका औषधाबाबत नेमकं हेच आढळत होतं.

दोन्हीकडचा गुन्हेगार एकच निघाला. यकृतातल्या एका एन्झाइमचं, म्हणजे विकराचं, काम काही जणांत बंद असतं. त्याचं नाव उच्चारायला अवघड आहे: सीवायपी-२डी६. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बाविसाव्या गुणसूत्रावरच्या त्याच्या जनुकाची ओळख पटली. कोडीनचं मॉर्फिन करणारं विकरही हेच, हे त्याच सुमारास सिद्ध झालं. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरातल्या पाच ते दहा जणांत हे विकर निकामी असतं. भारतात झालेल्या पाहण्यांत हे प्रमाण शंभरात दोन ते पाचच्या आसपास आढळलं आहे. अशा माणसाला कोडीन दिलं तर मळमळ, बद्धकोष्ठ वाट्याला येऊ शकतं, आराम मात्र नाही. पिढ्यान् पिढ्या डॉक्टरांनी ज्यांना हळवं म्हटलं, त्यातले काही जण तरी हे असणार.

१९९३ मध्ये स्वीडनमधून नाण्याची दुसरी बाजू पुढे आली. एका कुटुंबात या जनुकाच्या एकाऐवजी बारा प्रती एकापुढे एक लागलेल्या सापडल्या. अशा माणसात विकराचा नुसता पूर लोटतो. इतक्या प्रती विरळाच. पण जादा प्रती असणारे लोक विरळ नाहीत. १९९६ मध्ये इथिओपियात केलेल्या पाहणीत ते २९ टक्के भरले.

*

इथवर हा सगळा प्रयोगशाळेतला मामला होता. २००९ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या दोन वर्षांच्या मुलाची हकिगत आली. तो झोपेत घोरायचा, मध्येच त्याचा श्वास अडखळायचा, म्हणून त्याचे टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढले. ऑपरेशन नीट झालं, मूल त्याच दिवशी घरी गेलं. दुखलं तर द्या म्हणून कोडीनयुक्त सिरप लिहून दिलं होतं. आईवडिलांनी ते सांगितलेल्या मापाने दिलं. दोन दिवसांनी ते मूल दगावलं. रक्तात मॉर्फिन प्रमाणाबाहेर होतं. त्याच्यात जनुकाची जादा प्रत होती.

इथे चुकलं कोण? सर्जन चुकला नाही, औषधवाला चुकला नाही, चमच्याने मोजून सिरप पाजणारी आई तर नाहीच. चुकीचा होता तो ‘सौम्य औषध’ हा पावणेदोनशे वर्षांचा विश्वास. पुढे अशी आणखी प्रकरणं नोंदली गेली. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या दीर्घकालीन वेदनांवरच्या आपल्या मार्गदर्शनातून कोडीनची मधली पायरीच काढून टाकली. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर मुलांना कोडीन देण्यास मनाई केली. २०१७ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांसाठी कोडीन निषिद्ध ठरलं आणि त्या यादीत दुसरं एक नावही आलं: ट्रमाडॉल.

ते नाव वाचलं आणि मी थबकलो. ट्रमाडॉल १९६२ मध्ये ग्रुनेंथाल या जर्मन कंपनीत तयार झालं. थॅलिडोमाइड बाजारात आणणारी हीच कंपनी. १९७७ पासून ते जर्मनीत विकलं जाऊ लागलं. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन मिळवणं परवान्यांच्या जंजाळात इतकं अडकलं की रुग्णालयांनी त्याचा नादच सोडला. कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, पण मधल्या तीन दशकांत ती जागा बरीचशी ट्रमाडॉलने भरून काढली होती. २०१८ पर्यंत ते या कायद्याच्या कक्षेबाहेरच होतं. आणि ट्रमाडॉलही कोडीनसारखंच बऱ्याच अंशी यकृताच्या भरवशावर चालतं. त्याचा दुखणं थांबवणारा मुख्य अंश त्याच विकराकडून तयार व्हावा लागतो.

*

आता मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ऑपरेशनच्या आधी भरायच्या अर्जात ‘सध्या चालू असलेली औषधं’ असा रकाना होता. तो मी भरला. रक्तदाबाची गोळी लिहिली, थायरॉइडची लिहिली. वडील गेल्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांनी सुरू केलेली पॅरॉक्सेटिनची गोळी लिहिली नाही. “ते नको लिहूस, उगाच सगळ्यांना कळेल,” असं आई म्हणाली होती, आणि मला ते पटलं होतं.

पॅरॉक्सेटिन हे सीवायपी-२डी६ला रोखणाऱ्या प्रभावी औषधांपैकी एक आहे. ज्याचं जनुक धडधाकट आहे त्यालाही ते तात्पुरतं निकामी विकराच्या रांगेत नेऊन बसवू शकतं. शिवाय या दोन औषधांची जोडी मेंदूतलं सेरोटोनिन वाढवते. घाम आणि थरथर ही त्याची ठळक लक्षणं, आणि प्रकरण जिवावरही बेतू शकतं. आईच्या बाबतीत नेमकं हेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तिचं विकर कुणी तपासलं नाही, तिच्या रक्तात काय होतं ते कुणी मोजलं नाही. पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना ती एक ओळ दिसली असती तर त्यांनी दुसरं औषध निवडलं असतं, एवढं नक्की म्हणता येतं. ती माहिती दडवली मी, आणि ‘थोडं सोस’ म्हणालो तेही मीच.

दोन वर्षांनी दुसऱ्या गुडघ्याची पाळी आली. या वेळी रकाना पूर्ण भरला. भूलतज्ज्ञ बाईंनी तो वाचला आणि आईशेजारी बसून विचारलं, “मागच्या वेळी रात्री काय काय झालं, सांगा बरं.” आईने सगळं सांगितलं. घाम, थरथर, शेजारच्या बाईंचं घोरणंसुद्धा. बाईंनी मांडीतली नस बधिर करण्याचं ठरवलं आणि गरज पडलीच तर मॉर्फिन, थोडं थोडं, नजरेखाली. मॉर्फिनला त्या विकराची मिनतवारी करावी लागत नाही. दोनशे वर्षांपूर्वी पाडरबोर्नच्या दुकानात निघालेलं तेच ते सत्त्व.

त्या रात्री आई झोपली. दुखलं, पण झोपली. तिच्या पाकिटात आता घडी घातलेला एक कागद असतो. त्यावर सगळ्या गोळ्यांची नावं आहेत, त्या गोळीचंही, आणि खाली तिच्याच अक्षरात लिहिलंय: ‘ट्रमाडॉल देऊ नये. मागे फार त्रास झाला.’