वनस्पतिविषापासून अस्थिमज्जा प्रत्यारोपणापर्यंत : यकृतातील शिरारोधाचा इतिहास

प्रस्तावना
रक्तकर्करोगासाठी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलेल्या काही रुग्णांमध्ये उपचारानंतर यकृत सुजते, पोटात पाणी साचते व कावीळ होते. त्यांच्या यकृतऊतकात दिसणारी विकृती हे आधुनिक उपचारांचेच अपत्य असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तिचा इतिहास दुष्काळी प्रदेशांतील अन्नाशीही निगडित आहे.

पूर्वेतिहास
जमैकामध्ये रानटी वनस्पतींचा काढा घेणाऱ्या मुलांच्या यकृतातील सूक्ष्म शिरा अरुंद होऊन बंद पडत. ब्रास, जेलिफ व स्टुअर्ट यांनी १९५४ मध्ये या विकृतीचे ‘व्हेनो-ऑक्लुसिव्ह डिसीज’ अर्थात शिरारोध विकार या नावाने वर्णन केले. १९७५-७६ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेशातील सरगुजा जिल्ह्यात याच विकाराची साथ आली. गोंदली या भरडधान्यात क्रोटालेरिया म्हणजे खुळखुळा वर्गातील वनस्पतीचे विषारी बी मिसळल्याने ती उद्भवली होती.

रुग्णालयातील प्रवेश
१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रक्तकर्करोगाच्या रुग्णांत हीच विकृती नोंदली जाऊ लागली. सिएटल येथील शुलमन व सहकाऱ्यांनी १९८० मध्ये प्रत्यारोपणानंतरच्या यकृतऊतकांचे सविस्तर विश्लेषण केले. प्रत्यारोपणापूर्वी दिलेली तीव्र रसायने व किरणोत्सर्ग ही तिची प्रमुख कारणे होत.

नामांतर
रोगाच्या नावामुळे लक्ष शिरांवर केंद्रित झाले होते. मात्र काही रुग्णांत शिरा बंद नसतानाही लक्षणे आढळत. डेलीव्ह व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. प्रयोगात वापरलेले मोनोक्रोटालीन हे क्रोटालेरियातीलच विष होते. सायनुसॉइड या सूक्ष्म रक्तमार्गांच्या अस्तरपेशींना प्रथम इजा होते, त्या सुटून प्रवाह अडवतात व शिरांमधील बदल नंतर येतात, असे त्यातून दिसले. या आधारे २००२ मध्ये ‘सायनुसॉइडल ऑब्स्ट्रक्शन सिंड्रोम’ हे नाव सुचविण्यात आले.

निष्कर्ष
ग्रामीण रोगाच्या अभ्यासातून मिळालेले नाव रुग्णालयाने स्वीकारले आणि त्याच वनस्पतीच्या विषाने ते नाव अपुरे ठरविले. प्रत्यारोपणोत्तर गंभीर विकारासाठी अमेरिकेत २०१६ मध्ये डिफायब्रोटाइड या औषधाला मान्यता मिळाली. सरगुजासारख्या ठिकाणी मात्र निवडून-पाखडून घेतलेले धान्य हाच खरा प्रतिबंध होय. ऊतकातील विकृती एकच असली तरी तिचे निवारण कारणानुसार बदलते. म्हणून निदानाइतकाच रोगाचा सामाजिक इतिहासही महत्त्वाचा ठरतो.