उनकेश्वरचे ऊन पाणी

आदिलाबादच्या जुन्या मराठी घरांतील वडीलधाऱ्यांना जिल्ह्यातील ऊन पाण्याचे ठिकाण विचारावे, ते निःशंकपणे उनकेश्वरचे नाव घेतात. आजच्या आदिलाबाद जिल्ह्याच्या नकाशात मात्र ते गाव सापडत नाही. पैनगंगेच्या काठचे हे स्थान महाराष्ट्रातील नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यात आहे. वडीलधाऱ्यांचे उत्तर जुन्या हिशेबाने बरोबर आहे, कारण ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत किनवट हा आपल्याच जिल्ह्याचा तालुका होता.

निजामाच्या राज्यात १९०५ साली आदिलाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हाही किनवट त्यात होता आणि माहूरही किनवटबरोबर होते. राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे दोन तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्याकडे गेले. उलट बाजूने नांदेडकडील मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे आपल्याकडे आली आणि त्यांच्याबरोबर बासरची सरस्वती आली. एका अर्थी या वाटणीत आपण रेणुकामाता आणि उनकेश्वर देऊन सरस्वती घेतली, असे विनोदाने म्हणता येईल. पुढे २०१६ साली बासरही निर्मल जिल्ह्यात गेले, तेव्हा त्या विनोदातली मिळकतही हातून निसटली!

महसुली दप्तराची सवय असलेल्या आमच्यासारख्यांना या अदलाबदलीचा एक परिणाम चटकन जाणवतो. जागा एका जिल्ह्यातून दुसऱ्यात गेली की तिचा पूर्वेतिहास जुन्या जिल्ह्याच्या ग्रंथांतून गळतो आणि नव्या जिल्ह्याच्या ग्रंथांत कडेला पडतो. उनकेश्वरचे तसेच झाले. कोकणातील वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हेरे ही नावे सर्वांच्या तोंडी आहेत. पैनगंगेकाठचा हा झरा त्यांच्या पंक्तीला क्वचितच बसविला जातो.

वास्तविक त्याची प्राचीनता लहानसहान नाही. येथील शिवमंदिराशी संबंधित शिलालेख देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाच्या काळातला, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला मानला जातो. ज्ञानेश्वरीचा काळही तोच. गोदावरीच्या खोऱ्यात मराठी वाङ्मय आकार घेत असताना या वनप्रदेशातील झऱ्याकाठी देवस्थान नांदत होते, ही गोष्ट आमच्या मते पुरेशी बोलकी आहे. आपल्या घराण्यांचे पूर्वज या मुलखात केव्हा आले याचे हिशेब आपण बहुधा देशमुखी-देशपांडेपणाच्या सनदांपासून सुरू करतो. या प्रदेशातील मराठी वावर त्याहून कितीतरी जुना आहे.

नावाचा अर्थही मराठीतच लागतो. उष्ण पाण्याला आपल्याकडे अजून 'ऊन पाणी' म्हणतात. कोकणातील उन्हाळे आणि उन्हवरे, जळगाव जिल्ह्यातील उनपदेव आणि आपले उनकेश्वर ही सगळी एकाच घराण्यातील नावे दिसतात.

उनपदेव आणि उनकेश्वर यांचे नाते नावापुरतेच नाही. दोन्हीकडे कथा एकच सांगतात : शरभंग ऋषींना कुष्ठरोगाने ग्रासले होते, वनवासात असलेल्या रामाने बाण मारून भूमीतून उष्णोदक काढले आणि त्या स्नानाने ऋषी व्याधिमुक्त झाले. वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडात शरभंगाश्रमाचा प्रसंग आहे. परंतु तेथे ना बाण आहे ना झरा. रामाचे दर्शन होईपर्यंत थांबलेले वृद्ध ऋषी अग्निप्रवेश करतात आणि त्या अग्नीतून तेजस्वी तरुण होऊन वर जातात. जीर्ण देह टाकून नवी कांती मिळविणारा हा ऋषी लोकांनी ऊन पाण्याशी का जोडला असेल, हे उघड आहे. अग्नीच्या जागी त्यांनी अग्नीसारखे पाणी ठेवले. चित्रकूटच्या परिसरातही शरभंगाश्रम दाखवितात, तेव्हा खरा आश्रम कोणता या वादात आम्ही पडत नाही.

कथेतील रोगाचे नाव मात्र गंभीरपणे घेतले पाहिजे. कुष्ठरोगाला औषध नव्हते आणि गाव रुग्णाला वेशीबाहेर काढी, त्या काळात ज्याला कोणी शिवत नसे त्याला पाणी शिवत होते. शेजारच्या मुलखात मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला आणि पुढे बाबा आमटे यांनी वरोड्याजवळ आनंदवनात काम उभे केले; तोपर्यंत अशा कुंडांशिवाय त्या अभाग्यांना आसरा फारच थोडा होता. मात्र हा रोग जंतूंमुळे होतो, हे हॅन्सेन यांनी १८७३ मध्येच दाखविले होते आणि १९८० नंतरच्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो. स्नानाने तो जात नाही. गंधकयुक्त पाण्याने खरूज आणि कंड यांना उतार पडतो, उष्णतेने सांधे मोकळे होतात. तेवढे श्रेय पाण्याला द्यावे आणि रुग्णाला आधी दवाखान्यात न्यावे.

येथील पाणी सुमारे ४२ अंश सेल्सिअस तापमानाचे सांगितले जाते. खाली गंधक जळत असल्यामुळे ते तापते, अशी समजूत लहानपणी आम्हीही ऐकली होती. दख्खनच्या ज्वालामुखींशीही काही जण त्याचा संबंध जोडतात; पण ते लाव्हे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, केव्हाच निवालेले. खरे कारण साधे आहे. जमिनीत खाली जावे तसे दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढते. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरते, तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. नुसता हिशेब केला तर ४२ अंशांसाठी अर्धा-पाऊण किलोमीटर खोली पुरते. वाटेत ते निवते आणि वरचे थंड पाणी त्यात मिसळते, म्हणून प्रत्यक्ष खोली अधिक असली पाहिजे. भूवैज्ञानिक गोदावरीचे खोरे भारतातील उष्णोदकाच्या प्रदेशांत गणतात.

खडकांतून इतका प्रवास केलेल्या पाण्यात क्षार विरघळणारच. त्यालाच पूर्वी गुण म्हणत. पण सगळे क्षार गुणकारी नसतात. पैनगंगेपलीकडील पांढरकवड्याच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आढळले आहे आणि पिण्याच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड दीर्घकाळ गेले की दात व हाडे बिघडतात. म्हणून तीर्थ म्हणून आचमन करावे, बाटल्या भरून नित्य पिण्यासाठी घरी आणू नयेत. बाजारात 'मिनरल वॉटर' म्हणून मागितली जाणारी बाटली तरी बहुधा गाळून शुद्ध केलेल्या साध्या पाण्याचीच असते. नैसर्गिक खनिज पाण्यासाठी भारतीय मानक वेगळे आहे आणि त्यात पाण्याचे मूळ क्षार बदलता येत नाहीत.

झऱ्याला खरा धोका वेगळाच आहे. वर येणारे ऊन पाणी भूजलाच्या दाबावर अवलंबून असते. आसपास कूपनलिका वाढल्या की तो दाब उतरतो. झरा मंदावतो किंवा थंड पाणी मिसळून कोमट होतो. तसे होत आहे की नाही हे वर्षानुवर्षांच्या नोंदींवाचून समजणार नाही, आणि नोंदी ठेवण्यासाठी लागतो तो एक तापमापक, एक वही आणि दर वैशाखात व दर भाद्रपदात तेथे जाणारा एक माणूस. किनवटला आदिलाबादहून रेल्वे आहे. पुढचा रस्ताही अवघड नाही.

आपल्यापैकी काही घरांत १९५६ पूर्वीच्या यात्रेची पत्रे, उर्दूतील जुने कागद किंवा कुंडाची छायाचित्रे असतील. त्यांची नक्कल मंडळाच्या संग्रहासाठी पाठवावी. उर्दू कागद वाचून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू.