पेश इमामांची निवड : शेवटच्या दोन-तीन उमेदवारांना कसं पारखावं?

इमाम साहेब गावी परतले किंवा वयोमानाने निवृत्त झाले की जमातीत नव्या इमामांचा शोध सुरू होतो. अर्ज येतात, ओळखीतून नावं येतात आणि शेवटी दोन-तीन उमेदवार उरतात. खरी कसोटी इथेच असते. कारण आपण फक्त नमाज पढवणारा निवडत नाही. आपल्या मुलांचा उस्ताद, निकाह आणि जनाजाच्या वेळी पुढे उभा राहणारा माणूस आणि घरातला तंटा ज्याच्याकडे न्यावासा वाटेल असा आलिम आपण निवडत असतो. निवड घाईत किंवा गटबाजीत झाली तर वर्षभरात जमात दुभंगते आणि मकतबची पोरं मधल्या मध्ये अडकतात.

दीन काय सांगतो?

सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू मसऊद अन्सारी (रजि.) यांची रिवायत आहे. तिच्यात इमामतीचा क्रम येतो : कुरआन चांगला पढणारा, मग सुन्नतचं इल्म जास्त असणारा, मग हिजरत आधी केलेला आणि त्यानंतर वय. हनफी आणि शाफई फुकहांनी नमाजचे मसाइल जाणणाऱ्याला पहिला मान दिला. सहाबांच्या काळात जो चांगला कारी असे तोच मसाइलही जाणत असे, हे त्यामागचं कारण. मतलब एवढाच की नुसत्या गोड आवाजावर इमामत ठरत नाही आणि चुकीच्या किरातीसोबत नुसतं इल्मही पुरत नाही.

एकदा नेमलेल्या इमामाचा हक्कही मोठा असतो. त्याच्याहून मोठा आलिम पाहुणा म्हणून आला तरी मुसल्ल्यावर पहिला हक्क नेमलेल्या इमामाचाच. म्हणून जे काही पारखायचं ते नेमण्याआधीच पारखावं.

बोलावण्यापूर्वी

आधी जमातीने आपली गरज कागदावर लिहावी. मकतबमध्ये मुलं किती? रमजानमध्ये तरावीह इमामच पढवणार की वेगळा हाफिज येणार? बयान कोणत्या भाषेत हवं? आपली बरीच मुलं मराठी शाळेत शिकतात, जड उर्दू त्यांच्या डोक्यावरून जाते. इमामांना मराठी येत नसेल तर शिकायची तयारी आहे का, हे विचारायलाच हवं.

कोकणातल्या जमातींनी मसलकचा प्रश्न सुरुवातीलाच मोकळेपणाने बोलावा. तिथले बहुतेक मुसल्ली शाफई, तर बाहेरून येणारे बरेच इमाम हनफी असतात. फजरमधला कुनूत आणि असरची वेळ या दोन गोष्टींवरून नंतर कुरबूर होते. ‘इथल्या पद्धतीने पढवाल का?’ हे आधीच विचारलेलं बरं.

सनद पाहावी आणि ज्या मदरशाची आहे तिथे फोन करून खात्री करावी. हाफिज, कारी, आलिम आणि मुफ्ती ही चार वेगळी शिक्षणं आहेत. हाफिज असला म्हणजे आलिम असेलच असं नाही.

मुसल्ल्यावर

एका जुम्याच्या बयानावर निर्णय घेऊ नये. तयार केलेलं एक बयान कुणीही छान देतो. प्रत्येक उमेदवाराला किमान दोन दिवस ठेवून घ्यावं. फजर, मगरिब आणि इशाच्या नमाजमध्ये किरात कळते. ऐन आणि हमजा, बडी हे आणि छोटी हे, साद आणि सीन यातला फरक नीट होतो का, हे ऐकायला जमातीबाहेरचा एखादा जाणता कारी बोलवावा. म्हातारी माणसं आणि रोजंदारीवर जाणारे मागे उभे आहेत याचं भान ठेवून तो नमाज किती लांबवतो, हेही पाहावं.

समोरासमोर बसून

सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारावेत, म्हणजे तुलना नीट होते.

- पहिला कअदा विसरून तुम्ही पूर्ण उभे राहिलात, मागून लुकमा आला, तर काय कराल?
- नमाज पढवताना वुजू तुटला तर?
- चांद दिसण्यावरून जमातीत दोन मतं झाली तर?
- एखादा माणूस रात्री येऊन म्हणाला, ‘रागात तलाक बोललो,’ तर?

शेवटच्या प्रश्नाला जो लगेच फतवा देत नाही, दोघांचं नीट ऐकून मुफ्तींकडे पाठवीन असं सांगतो, तो जबाबदार माणूस समजावा. ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ हे उत्तर कमी गुणांचं नाही.

मकतबमध्ये

शिक्षक म्हणून माझा आग्रह या पायरीवर जास्त आहे. उमेदवाराला अर्धा तास मुलांसमोर बसवा. हुशार पोराकडून सबक सगळेच पढवून घेतात. जो अडखळतो त्याच्याशी उस्ताद कसा वागतो, ते बघा. हात छडीकडे जातो की पुन्हा एकदा समजावतो? वर्ग उघड्या दारात आणि सर्वांच्या नजरेसमोर चालेल हा नियम त्याला मान्य आहे का? आधीच्या मशिदीत चौकशी करताना मुलांशी आणि पैशांशी वागणूक कशी होती, हे थेट विचारावं.

घरातल्या बायकांचं मतही घ्यावं. मकतबला मुलं धाडणाऱ्या त्याच असतात. त्यांना मसला विचारायचा झाला तर मार्ग काय असेल, हे उमेदवारालाच विचारावं.

निर्णय

मशवरा हे काम सोपं करतो, पण मोठ्या आवाजाचा एक माणूस सगळा मशवरा फिरवू शकतो. म्हणून चर्चेआधी प्रत्येक सदस्याने आपले गुण लिहून द्यावेत. एक नमुना : किरात ३०, मसाइल २५, मकतब २५, बयान २०. अखलाकला गुण देऊ नयेत. तिथे खोट दिसली तर बाकी शंभर गुणही कामाचे नाहीत. मुतवल्लींचा नातेवाईक उमेदवार असेल तर त्यांनी त्या बैठकीतून बाजूला व्हावं.

जमातीचीही परीक्षा

उमेदवारही आपल्याला पारखत असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली इमामांच्या मानधनाचा हक्क मान्य करून वक्फ मंडळांना त्याची व्यवस्था करायला सांगितलं, तरी बहुतेक ठिकाणी भार जमातीच्या चंद्यावरच असतो. म्हणून पगार, राहायची खोली, लाइट बिल, सुट्ट्या, आजारपणात बदली इमाम आणि नोकरी सोडण्या-काढण्याची मुदत हे सगळं लेखी द्यावं. खोलीत बायका-मुलांसह राहता येतं का, हे आधी आपणच जाऊन पाहावं. आलिमाला तुटपुंजा पगार देऊन वर ‘सवाब मिळेल’ म्हणणं बरोबर नाही.

ज्यांची निवड झाली नाही त्यांना प्रवासखर्च द्यावा आणि दोन-चार दिवसांत स्वतः फोन करून कळवावं. बैठकीत त्यांच्याबद्दल जे बोललं गेलं ते अमानत आहे, चहाच्या टपरीवर ते गीबत होतं. निर्णय झाल्यावर ज्यांनी विरोधात मत दिलं त्यांनीही पहिल्या सफमध्ये येऊन उभं राहावं. नव्या इमामांचं खरं स्वागत तेच.